पडदा काळा पडतो तेव्हा : प्रस्तावना

ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती ड्रॉइंगमधलीच वाटली. एका पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग करत होते. मधोमध सेंटर लाइन असते, तशीच ही. झूम केलं, झाकण मोठं झालं, रेघ मात्र जागची हलली नाही. फाइल बंद केली, तरी रेघ तिथेच. हिरवी, केसाएवढी, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ओळंब्यात. आठवड्याभरात तिच्या शेजारी आणखी पाच आल्या आणि पडद्याचा उजवा भाग थरथरायला लागला. मॉनिटर 27 इंची, घेऊन चौदा महिने झालेले, वॉरंटी तीन वर्षांची. काळजीचं कारण नाही, असं मी घरी सांगितलं. बदली मॉनिटर टेबलावर यायला त्यानंतर 53 दिवस लागले.

कंपनीचं नाव या पुस्तिकेत कुठेच नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, एका पद्धतीशी आहे, आणि ती पद्धत मला नंतर दुसऱ्यांच्या मॉनिटरांतही जशीच्या तशी भेटली. फोन केला की तक्रार क्रमांक मिळतो. पुढच्या फोनला दुसरा माणूस असतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, ड्रायव्हर अपडेट करा, केबल बदलून बघा, व्हिडिओ काढून पाठवा. पाठवला. मग कळलं की घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची सोय आमच्या पिनकोडला नाही, मॉनिटर सेवा केंद्रात आणून द्यावा लागेल. केंद्रात दिला, तर पॅनेल शिल्लक नाही. बारा दिवसांनी एक संदेश आला: ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. माझा फोन त्या बारा दिवसांत एकदाही वाजला नव्हता. पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून. असे पाच क्रमांक माझ्या वहीत आहेत.

मध्यंतरी मी पुतण्याचा 19 इंची जुना मॉनिटर आणून काम भागवलं. मोठ्या असेंब्लीचं ड्रॉइंग एवढ्याशा पडद्यावर करायचं म्हणजे खिडकीच्या फटीतून वरात बघायची. त्या दिवसांत एका छिद्राचं माप मी चुकीच्या ओळीतून वाचलं आणि चाळीस फ्लँज भंगारात गेल्या. त्याची भरपाई कोणत्याही वॉरंटीत बसत नाही. मॉनिटर बिघडण्याची खरी किंमत इथे आहे आणि ती बिलावर छापलेली नसते.

तारिहाळ बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या हद्दीतलं हे गाव, आणि त्याला लागून औद्योगिक वसाहत. गोकुळ रस्ता आणि विमानतळ जवळच. पत्र्याच्या शेड, त्यांत लेथ, मिलिंग, फाउंड्रीचा माल घासणारे ग्राइंडर, आणि कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर एक काचेची खोली, जिच्यात कॉम्प्युटर असतो. यंत्रावर चढणारं प्रत्येक काम आधी त्या खोलीतल्या पडद्यावरून जातं. मी अशाच एका पोटमाळ्यावर बसून आजूबाजूच्या दहा-बारा वर्कशॉपची ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम करते. माझ्या घरात मराठी, शेडमध्ये कन्नड, फोनवरच्या मदतनिसाशी हिंदी आणि वॉरंटीच्या कागदात इंग्रजी. चार भाषांत तक्रार करूनही ती पोहोचत नव्हती.

एक दिवस शेजारच्या शेडचे मालक जिना चढून वर आले. वयाने माझ्याहून मोठे, तरी मला अक्काच म्हणतात. त्यांच्याही मॉनिटरचं असंच काहीतरी झालं होतं. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "अक्का, पॅनेल गेलं म्हणतोय तो. पॅनेल म्हणजे नक्की काय हो?" तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. बेअरिंगचा नुसता आवाज ऐकून त्यातली गोळी गेली की रिंग गेली ते सांगणारा. त्याला आपल्याच टेबलावरच्या वस्तूबद्दल एवढं विचारावं लागावं, हे मला लागलं. त्या दिवशी त्यांना जे कागदावर काढून दाखवलं, त्यातून ही पुस्तिका वाढली.

तर पॅनेल म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू. मॉनिटर ही एक वस्तू दिसते, पण आत निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. वीज देणारा भाग. तो कधी आत असतो, कधी बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. कॉम्प्युटरकडून आलेलं चित्र समजून घेणारा मुख्य बोर्ड. मागून उजेड देणारी एलईडीची पट्टी, म्हणजे बॅकलाइट. आणि समोरची काच, जिच्यातले द्रवस्फटिक त्या उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. लोक बोलताना काच आणि बॅकलाइट मिळून पॅनेल म्हणतात. मॉनिटरच्या किमतीचा मोठा हिस्सा या पॅनेलचा असतो आणि जगातली बहुतेक पॅनेलं चीन, तैवान आणि दक्षिण कोरियातल्या मोजक्या कंपन्या बनवतात. मॉनिटरवर नाव कुणाचंही असो, आतली काच बहुधा त्यांच्यापैकीच एकाची. म्हणून "पॅनेल गेलं" हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडी शेवटच्या निकालासारखं येतं. नवं पॅनेल घालण्यापेक्षा नवा मॉनिटर घ्या, हा त्याचा अर्थ.

पण हा निकाल फार घाईने दिला जातो. पडदा पूर्ण काळा झाला म्हणजे पॅनेल गेलंच असं नाही. खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा. उजेडाच्या वर्तुळात पुसटशी चिन्हं, खिडक्या दिसल्या तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा दिवा गेलाय. चालू केल्यावर एक-दोन सेकंद चित्र झळकून काळोख होत असेल, तर बॅकलाइटच्या पट्टीतला एखादा एलईडी गेल्याचा संशय घ्यावा; एक गेला की साखळी तुटते आणि संरक्षण करणारं सर्किट सगळा उजेडच बंद करतं. ही पट्टी बदलता येते. मॉनिटर चालूच होत नसेल किंवा दहा मिनिटं गरम झाल्यावर चालू होत असेल, तर वीज देणाऱ्या बोर्डावरचे कपॅसिटर जाणकाराकडून बघून घ्यावेत. डोकं फुगलेला कपॅसिटर साध्या डोळ्यांनी दिसतो. तो भाग फारच स्वस्त आणि बदलायला अर्धा तास. कपॅसिटरमधल्या द्रवाचं आयुष्य तापमानाशी बांधलेलं आहे. दर दहा अंश वाढीला ते साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पोटमाळ्यावर काय होतं ते आम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात ग्राइंडरची लोखंडी धूळ. ही धूळ वीज वाहून नेते. मॉनिटरच्या वरच्या फटींतून आत शिरली की बोर्डावर नको तिथे पूल बांधते. वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट आणि वीज जाऊन परत येतानाचा धक्का, ही तिसरी मारेकरी मंडळी. अर्थिंग नीट आहे का, हे आमच्या वसाहतीत मोटारींसाठी तपासतात. मॉनिटर ज्या प्लगला लावलाय त्याचं कुणी बघत नाही.

माझ्या मॉनिटरमधल्या उभ्या रेघा मात्र खरोखर पॅनेलच्याच होत्या. काचेच्या कडेला केसाहून बारीक तारांच्या लवचीक पट्ट्या उष्णता आणि दाबाने चिकटवलेल्या असतात. त्यांवरच्या चिपा उभ्या ओळींना हुकूम देतात. पट्टीचा एक पाय सुटला की एक ओळ जाते. कावियाने हे जोडता येत नाही, त्यासाठी वेगळं बाँडिंग मशीन लागतं. इथे मी स्पष्ट सांगते की बॅकलाइट आणि कपॅसिटर यांसाठी झगडावं, रेघांसाठी वॉरंटीबाहेर पैसे घालू नयेत.

या सगळ्याच्या आधी एक चाचणी आहे आणि या पुस्तिकेतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती हीच ठेवावी. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा, तो उजेड-रंग कमीजास्त करण्याचा. हा मेनू कॉम्प्युटर काढत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. चित्रात दोष आहे पण मेनू स्वच्छ दिसतोय, तर दोष बहुतेक केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. मेनूवरही तीच रेघ, तोच थरकाप, तर दोष मॉनिटरचा. मग केबल काढून टाका आणि मॉनिटर नुसता चालू ठेवा. "सिग्नल नाही" ही पाटी फिरते तिच्यावरही रेघ येते का बघा. या दोन्हींचा व्हिडिओ काढा, त्यात मॉनिटरच्या मागचा सिरीयल नंबर दिसू द्या. माझा मॉनिटर याच परीक्षेत उघडा पडला. मी हा व्हिडिओ पहिल्या दिवशी केला असता, तर ड्रायव्हर अपडेट करण्याचे तीन फोन वाचले असते.

काही तक्रारी दोषाच्या नसतातच, जुळवणीच्या असतात. 4के मॉनिटरवर माऊस अडखळत पळतो म्हणून एकाने तो परत करायचं ठरवलं होतं. कॉम्प्युटरचं एचडीएमआय 1.4 होतं, ते 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच पाठवू शकतं. 60 वेळा पाठवायला एचडीएमआय 2.0 लागतं. केबल डिस्प्लेपोर्टची लावली, काम झालं. मॉनिटर आपली मापं केबलमधूनच कॉम्प्युटरला कळवत असतो. ती माहिती नेणारी तार तुटली की कॉम्प्युटर अंदाजाने जुनाट, ढोबळ चित्र पाठवतो आणि बिचारा मॉनिटर बदनाम होतो.

आणि मृत पिक्सेल. हा विषय मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो, कारण ग्राहकाला तो आधी कुणी सांगतच नाही. पडद्यावर एक ठिपका कायमचा काळा किंवा कायमचा लाल दिसतो. केंद्रात नेलं तर उत्तर येतं: हे नियमात बसतं. कोणत्या नियमात? या बाबतीत आयएसओ 13406-2 हे 2001 सालचं मानक आणि त्याच्या जागी 2008 मध्ये आलेलं आयएसओ 9241-307 यांचा आधार घेतला जातो. जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले चालवून घेतले जातात. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल. हिशेब करा: नव्या कोऱ्या पडद्यावर चार उजळ आणि चार काळे ठिपके असूनही तो निर्दोष ठरू शकतो. वैद्यकीय क्ष-किरण चित्र बघणाऱ्याला किंवा माझ्यासारखीला, जिच्या कामात एक ठिपका दशांशचिन्ह असू शकतो, हे कसं चालावं? कंपन्या आपापली मर्यादा वॉरंटीच्या कागदात लिहितात, काही तर एकही उजळ ठिपका चालवून घेणार नाही असं वचन देतात. ते पान विकत घेण्याआधी वाचायचं असतं. दुकानदाराला म्हणावं, पेटी उघडा, पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून दाखवा, मगच पैसे देते.

माझ्या लहानपणी घरात काचेच्या नळीचा टीव्ही होता. तो बिघडला की मेकॅनिक पाठ उघडून, तारेचा बल्ब लावून दुरुस्त करायचा. सर्किटचा नकाशा मिळायचा, सुटे भाग बाजारात मिळायचे. यंत्र विकणं आणि ते चालतं ठेवणं हा आपल्या भागात एकच धंदा होता. किर्लोस्करांचा सगळा पसारा 1888 मध्ये बेळगावात सायकलविक्री आणि दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभा राहिला. आज त्या घराण्यातल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आमच्या जवळच गोकुळ रस्त्यावर आहे. मॉनिटरच्या बाबतीत ही जोडी तुटली. विकणारा एका शहरात, बनवणारा दुसऱ्या देशात, दुरुस्ती तिसऱ्याच कंत्राटदाराकडे आणि फोनवरचा माणूस चौथ्याकडे नोकरीला. तो दिवसभर दुसऱ्यांच्या संतापाचे फोन घेतो आणि समोर उघडलेल्या प्रश्नांच्या यादीबाहेर एक शब्द बोलायची त्याला मुभा नसते. त्याच्यावर ओरडू नये. मी ओरडले आहे, त्याचा उपयोग झाला नाही आणि नंतर वाईट वाटलं.

युरोपात यावर कायद्याने काहीतरी झालं. युरोपीय संघाचे पडद्यांसाठीचे नियम 1 मार्च 2021 पासून लागू आहेत. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, मागणीनंतर कामकाजाच्या 15 दिवसांत पोहोचले पाहिजेत. वीज देणारा बोर्ड, जोडणीचे सॉकेट, कपॅसिटर हे दुरुस्ती करणाऱ्यांना; बाहेरचा अ‍ॅडॉप्टर तर सामान्य ग्राहकालाही. वाचताना माझा आनंद एका ओळीवर थांबला. त्या यादीत पॅनेल नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात कडक नियमांनीही सगळ्यात महाग भागापुढे हात टेकले आहेत.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांच्या किमती, वॉरंटी यांचा तपशील तिथे एकत्र ठेवावा हा हेतू. चांगला आहे. पण त्याला अजून कायद्याचे दात नाहीत, आणि तोवर तारिहाळच्या माणसाला जो कायदा हाताशी आहे तो म्हणजे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा.

इथे एक खड्डा आहे आणि आमच्या वसाहतीतले पुष्कळ लोक त्यात डोळे उघडे ठेवून चालत जातात. जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून आम्ही मॉनिटरचं बिल फर्मच्या नावावर घेतो. पुढे तक्रार केली की समोरून उत्तर येतं: वस्तू व्यापारी हेतूने घेतलेली आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे पोकळ नाही. या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात गाजलेला निकाल महाराष्ट्रातल्या एका लघुउद्योगाचाच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने कोइम्बतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून एक सीएनसी टर्निंग मशीन घेतलं, ते उशिरा आणि सदोष आलं. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती फेटाळली, कारण यंत्र व्यापारी हेतूने घेतलेलं. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम केला. आमच्यासारखीच फर्म, आमच्याच शेडमध्ये असतं तसं यंत्र, आणि दार बंद.

पण त्याच निकालात दुसरं दारही उघडं ठेवलेलं आहे. स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी माणूस जी वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, ती व्यापारी हेतूत मोडत नाही. न्यायालयाने उदाहरणं दिली ती आपल्या रस्त्यावरची: स्वतः टायपिंग करून देणाऱ्याचा टाइपरायटर, स्वतः चालवणाऱ्याची टॅक्सी. मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहतो. लेथ दुसऱ्याच माणसाने चालवायचं असेल तर मात्र नाही. 2019 च्या कायद्यातही स्वयंरोजगाराचं हे स्पष्टीकरण आहे. त्याच वर्षी मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली: घेणारा मोठा की छोटा याला महत्त्व नाही, खरेदीचा थेट संबंध नफा कमावण्याच्या कामाशी आहे का ते बघायचं. ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत ट्रस्ट ग्राहक ठरला.

म्हणून माझा आग्रह असा. जो मॉनिटर तुम्ही स्वतः वापरणार आहात त्याच्या बिलाचा विचार दुकानात उभं असतानाच करा. परताव्याचे दोन-चार हजार मोठे की पुढे ग्राहक म्हणून उभं राहण्याचा हक्क मोठा, हे ज्याने त्याने ठरवावं. पण ठरवून करावं, सवयीने नव्हे. आणि तक्रार लिहिताना पहिल्याच परिच्छेदात लिहावं की हा मॉनिटर मी स्वतः वापरते, माझा उदरनिर्वाह यावर आहे. ज्यांना ग्राहक आयोगाचं दार खरोखरच बंद आहे त्यांना 1930 चा वस्तुविक्री कायदा आणि दिवाणी न्यायालय राहतं, त्यावर वेगळं प्रकरण आहे.

बाकी वाट सरळ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आमच्यासाठी तो धारवाडला. वस्तू मुंबईहून मागवली असो की बंगळूरहून, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. 2019 च्या कायद्याने केलेला हा बदल आमच्यासारख्या आडबाजूच्या लोकांसाठी फार मोठा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावायलाच हवा असं नाही. हुबळीहून चिगरी बसने धारवाड गाठायचं, एवढाच प्रवास. ऑनलाइन घेतलं असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यावं लागतं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर लावावं लागतं. हे नाव शोधून त्यालाच लिहावं.

माझं काम मात्र आयोगापर्यंत जाण्याआधीच झालं. पाचव्या क्रमांकानंतर मी फोन करणं थांबवलं आणि एक कागद घेतला. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं. कोणत्या दिवशी कुणाला फोन केला, काय सांगण्यात आलं, कोणता क्रमांक मिळाला, कोणत्या दिवशी "संपर्क होऊ शकला नाही" असा संदेश आला आणि त्या दिवशीच्या माझ्या फोनच्या नोंदी काय सांगतात. दीड पानात सगळं बसलं. खाली लिहिलं की पंधरा दिवसांत दुरुस्ती किंवा बदली मिळाली नाही तर धारवाडच्या आयोगात जाईन. हा कागद कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. नऊ दिवसांनी मॉनिटर आला. त्याच्या एका कोपऱ्यात उजेड मंद होता, तो जुना दुरुस्त केलेला होता. तेही मी लिहून कळवलं आणि मूळ वॉरंटीची तारीख तशीच राहील हे लेखी घेतलं. दीड पानाने जे केलं ते दीड महिन्याच्या फोनने केलं नव्हतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. 1966 मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी काढली. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा यायला 1986 उजाडलं. त्याआधीची वर्षं या लोकांनी भेसळीच्या तेलाविरुद्ध आणि मापात मारणाऱ्या दुकानांविरुद्ध काढली. माप आता तागडीत नसतं, वॉरंटीच्या बारीक अक्षरांत असतं. मराठी माणसाने ही चळवळ वाढवली आहे, तिच्यात आपल्या टेबलावरच्या या पडद्यालाही जागा हवी.

पुस्तिकेत पुढे तपासण्याची चित्रं आहेत, पत्रांचे नमुने मराठीत आणि कन्नडमध्ये आहेत, घेण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. त्यांत पहिला प्रश्न किमतीचा नाही: वॉरंटीत टेक्निशियन माझ्या पिनकोडला येणार का, की मी मॉनिटर घेऊन जायचं? तारिहाळला सेवा कुठून येते ते कळल्याशिवाय मी आता कोणताही मॉनिटर स्वस्त मानत नाही. एक प्रकरण मुद्दाम ठेवलेलं नाही, ते म्हणजे वीज देणारा बोर्ड घरी उघडण्याचं. आत 230 व्होल्टचं रूपांतर झालेला सुमारे 325 व्होल्टचा साठा मोठ्या कपॅसिटरमध्ये असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. ज्याला त्याची सवय आहे त्याच्याकडेच ते काम द्यावं.

एक विनंती करून थांबते. बहुतेक बिलं आता थर्मल कागदावर छापतात आणि तो कागद उन्हाने, उष्णतेने, कधी नुसत्या काळाने कोरा होतो. माझं बिल मी काढलं तेव्हा त्यावर तारीख अर्धीच वाचता येत होती. हे पान वाचून झालं की तुमच्या मॉनिटरचं बिल शोधा, त्याचा आणि मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि खोका माळ्यावर असेल तर थर्माकोलसकट तिथेच राहू द्या.